नळ बंद, तरी पंप चालूच : गैरसमज आणि वस्तुस्थिती

शॉवरचा दाब वाढवणारा छोटा पंप, ज्याला बाजारात प्रेशर पंप किंवा बूस्टर पंप म्हणतात, इमारतीच्या वरच्या एक-दोन मजल्यांवरच्या घरांत हमखास दिसतो. पाण्याचा दाब टाकीच्या उंचीवर ठरतो : १० मीटर उंचीला साधारण १ बार. गच्चीवरची टाकी शॉवरपेक्षा जेमतेम ३ मीटर उंच असेल, तर शॉवरपाशी ०.३ बार एवढाच दाब पोहोचतो. शॉवर नीट चालायला १ बारच्या आसपास दाब लागतो. ही तूट पंप भरून काढतो. नळ उघडला की तो चालू व्हावा आणि नळ बंद केला की थांबावा, अशी त्याची रचना असते. तो थांबेनासा झाला की मात्र घरोघरी तेच तेच उपाय केले जातात, आणि त्यांतले बरेच चुकीच्या समजुतीवर उभे असतात.

पंपाला थांबवतो कोण?

मोटर आणि तिच्या दांड्यावर फिरणारा इंपेलर यांना नळ उघडा आहे की बंद हे कळत नाही. वीज मिळेपर्यंत ते फिरत राहतात. वीज जोडण्या-तोडण्याचे काम वेगळा भाग करतो आणि तो तीनपैकी एका प्रकारचा असतो.

पहिला प्रकार फ्लो स्विच. यात पाण्याच्या वाटेत लोहचुंबक असलेला छोटा दट्ट्या किंवा झडप असते. पाणी वाहू लागले की तो सरकतो, बाहेरच्या बाजूचा चुंबकी संपर्क जुळतो आणि मोटर सुरू होते. प्रवाह थांबला की दट्ट्या खाली बसतो आणि मोटर बंद होते.

दुसरा प्रकार प्रेशर स्विच. तो बहुतेकदा हवा भरलेल्या छोट्या प्रेशर टँकसोबत येतो. पाइपातला दाब ठरलेल्या खालच्या आकड्यापर्यंत उतरला की पंप चालू होतो आणि वरच्या आकड्यापर्यंत चढला की बंद होतो. अनेक स्विच कारखान्यातून १.४ आणि २.८ बारवर लावलेले येतात.

तिसरा प्रकार इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर. तो दाब उतरल्यावर पंप चालू करतो आणि प्रवाह थांबल्यावर काही सेकंदांनी बंद करतो.

प्रकार कोणताही असो, पंप न थांबण्याची कारणे तीनच : पाणी खरोखर कुठेतरी वाहते आहे, पाणी वाहत नाही, पण ठरलेला दाब तयार होत नाही, किंवा दोन्ही ठीक असूनही स्विच वीज तोडत नाही. यांतले नेमके कोणते, हे ठरवण्याआधी काहीही बदलणे म्हणजे अंदाजावर पैसे घालवणे होय.

गैरसमज १ : पंप थांबत नाही, म्हणजे पंपच बिघडला.

वस्तुस्थिती : फ्लो स्विच असलेल्या संचात पंप चालूच राहिला, तर पंपाचा यांत्रिक भाग बहुधा ठणठणीत असतो. पाणी वाहत असेल तर चालू राहणे हेच त्याचे काम आहे. दोष गळतीत किंवा स्विचमध्ये असतो. प्रेशर स्विचच्या संचात मात्र पंप स्वतः कारण असू शकतो : इंपेलर झिजला, सक्शनची, म्हणजे पाणी आत येणाऱ्या बाजूची, जाळी शेवाळाने किंवा गाळाने भरली, पंपात हवा अडकली किंवा विजेचा व्होल्टेज फार उतरला, तर दाब वरच्या आकड्यापर्यंत चढतच नाही आणि स्विच बंद होण्याची वाट पाहत राहतो. अशा वेळी आधी जाळी धुवावी आणि पंपाच्या डोक्यावरचा स्क्रू सैल करून हवा काढावी. या दोन कामांना नवा पंप लागत नाही.

आणखी एक साधी गोष्ट सर्वांत आधी पाहावी. कित्येक छोट्या पंपांवर बंद, ऑटो आणि मॅन्युअल अशा तीन स्थितींचे बटण असते. ते मॅन्युअलवर सरकले असेल तर पंप सतत चालणारच. कधी जुना स्विच बिघडल्यावर वायरमनने तात्पुरती वायर डायरेक्ट केलेली असते आणि ती तशीच राहून जाते.

गैरसमज २ : नळ बंद केल्यावर पंप क्षणभर जरी चालला, तरी तो बिघाडच.

वस्तुस्थिती : इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर प्रवाह थांबल्यानंतर साधारण दहा सेकंद पंप मुद्दाम चालू ठेवतो. पंप पुन्हा पुन्हा बंद-चालू होऊ नये, यासाठी ही सोय असते. प्रेशर टँकच्या संचातही नळ बंद केल्यावर टँक भरेपर्यंत पंप चालतो. टँक २४ लिटरचा असला तरी १.४ ते २.८ बारच्या दरम्यान त्यात साधारण ८ लिटरच पाणी साठते, कारण उरलेली जागा दाबलेल्या हवेची असते. तेवढे पाणी भरायला अर्धा-एक मिनिट लागू शकते.

पंप न थांबणे आणि पंप दर काही मिनिटांनी आपोआप चालू होऊन थांबणे, या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. दुसरीत बहुधा थेंब थेंब गळती, नॉन-रिटर्न व्हॉल्व्हमधून (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) मागे उतरणारे पाणी किंवा हवा गेलेला प्रेशर टँक कारणीभूत असतो. टँकची हवा तपासताना पंप बंद करून नळातून सगळे पाणी उतरवावे आणि मगच टायरच्या गेजने मोजावे. पाणी भरलेले असताना गेज हवेचा नव्हे, पाण्याचाच दाब दाखवते. ही हवा पंप चालू होण्याच्या आकड्यापेक्षा ०.१ ते ०.२ बारने कमी हवी. हवेच्या व्हॉल्व्हमधून पाणी आले, तर आतला रबरी फुगा फाटला आहे.

गैरसमज ३ : सगळे नळ बंद आहेत, म्हणजे पाणी कुठेच जात नाही.

वस्तुस्थिती : नळातून बाहेर न पडताही पाणी वाहू शकते, आणि सर्वाधिक फसगत इथेच होते. अशा तीन वाटा आहेत.

पहिली वाट बायपासची. वीज गेली तर टाकीचे पाणी पंपाला वळसा घालून यावे म्हणून समांतर पाइप टाकलेला असतो. त्यावर कॉक किंवा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असतो. वीज परत आल्यावर कॉक बंद करायचा राहिला, किंवा व्हॉल्व्हच्या झडपेत वाळूचा कण अडकला, तर पंपाने पुढे ढकललेले पाणी बायपासमधून पुन्हा सक्शनकडे येते. पंप तेच पाणी गोल फिरवत बसतो. फ्लो स्विचला प्रवाह दिसतो, प्रेशर स्विचला दाब मिळत नाही, आणि दोन्ही प्रकारांत पंप थांबत नाही. घरात पाण्याचा एक थेंबही सांडलेला नसतो.

दुसरी वाट मिक्सरची. पंप फक्त गार पाण्याच्या लाइनला जोडलेला असतो आणि गीझरला पाणी थेट टाकीतून येते, अशी जोडणी बऱ्याच घरांत आढळते. मिक्सरच्या पुढे हँड शॉवर असेल आणि मिक्सरच्या दोन्ही मुठी उघड्या ठेवून हँड शॉवर फक्त त्याच्या खटक्याने बंद केला असेल, तर मिक्सरच्या पोटात गरम आणि गार लाइन जोडलेल्या राहतात. गार बाजूचा दाब जास्त असल्याने पाणी गरम लाइनमध्ये शिरते, गीझरमधून उलटे जाते आणि गीझरच्या तोंडाशी नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह नसेल किंवा तो गळका असेल, तर थेट टाकीत पोहोचते. सोलर वॉटर हीटर असलेल्या घरांत हेच पाणी गच्चीवरच्या हवेच्या उभ्या पाइपातून बाहेर सांडताना दिसते. मिक्सरच्या दोन्ही मुठी पूर्ण बंद केल्यावर पंप थांबला, तर कारण सापडले. मिक्सर बंद असूनही थांबला नाही आणि गीझरच्या इनलेटचा कॉक बंद करताच थांबला, तर मिक्सरमधले वॉशर किंवा कार्ट्रिज झिजले आहे.

तिसरी वाट फ्लश टँकची. आतला बॉल व्हॉल्व्ह टाकीच्या कमी दाबावर नीट बसत असतो. पंप बसवल्यावर वाढलेल्या दाबाला तो पुरा पडत नाही. जादा पाणी ओव्हरफ्लोच्या नळीतून आवाज न करता भांड्यात उतरत राहते. नळीच्या वरच्या कडेवरून पाणी उतरते आहे का, हे झाकण काढून पंप चालू असताना पाहावे. तळाचा व्हॉल्व्ह गळतो का हे पाहायला टँकमध्ये खाण्याचा रंग टाकून वीस मिनिटे फ्लश करू नये. रंग भांड्यात उतरला की गळती सिद्ध झाली. माळ्यावर छोटी टाकी असेल तर तिचा बॉल कॉकही तपासावा.

गैरसमज ४ : एवढ्याशा गळतीने पंप चालू राहत नाही.

वस्तुस्थिती : बहुतेक फ्लो स्विच मिनिटाला दीड-दोन लिटर प्रवाहाच्या आसपास काम करतात, त्यामुळे थेंब थेंब गळणारा नळ पंप सुरू करू शकत नाही, हे खरे. पण सुरू करणे आणि सुरू ठेवणे यांत फरक आहे. दट्ट्या उचलायला जेवढा प्रवाह लागतो, त्यापेक्षा तो उचललेला ठेवायला कमी पुरतो. शिवाय पंप चालू असताना गळती स्वतःच वाढते. छिद्रातून निघणारे पाणी दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते : टाकीचा ०.२ बार दाब पंपामुळे १.५ बार झाला, तर त्याच छिद्रातून सुमारे पावणेतीन पट पाणी जाते. शॉवर घेताना पंप सुरू होतो, शॉवर बंद केल्यावर हीच वाढलेली गळती त्याला थांबू देत नाही. म्हणून पंप बंद ठेवून नळ पाहणे आणि ‘कुठेच गळत नाही’ असे ठरवणे चुकीचे आहे. गळती पंप चालू असतानाच शोधावी.

या गळतीचा हिशेब लहान नाही. मिनिटाला दोन लिटर म्हणजे दिवसाला २,८८० लिटर. शहरी भागात दरडोई १३५ लिटर हे पाणीपुरवठ्याचे मान धरले, तर एवढ्या पाण्यात २१ माणसांची दिवसाची गरज भागते.

गैरसमज ५ : प्रेशर स्विचचा स्क्रू पिळला की पंप वेळेवर थांबतो.

वस्तुस्थिती : स्क्रू कोणत्या दिशेने आणि कोणता पिळला यावर सारे अवलंबून असते. मोठ्या स्प्रिंगचा नट घट्ट केला की चालू आणि बंद होण्याचे दोन्ही आकडे वर जातात, म्हणजे पंपाला थांबण्यासाठी आणखी जास्त दाब गाठावा लागतो. शॉवरला जोर यावा म्हणून कुणी नट पिळला आणि त्या दिवसापासून पंप थांबेनासा झाला, असे घडते ते यामुळे.

आकडा ठरवताना पंपाच्या पट्टीवर छापलेले कमाल हेड, म्हणजे पंप पाणी चढवू शकतो ती उंची, पाहावे. पट्टीवर १८ मीटर लिहिले असेल आणि टाकी पंपापेक्षा ३ मीटर उंच असेल, तर सगळे कॉक बंद असतानाही दाब २१ मीटर, म्हणजे सुमारे २.१ बारच्या पुढे जाऊ शकत नाही. अशा पंपाला २.८ बारवर बंद होणारा स्विच जोडला, तर तो पंप नवा कोरा असूनही कधीच थांबणार नाही. बंद होण्याचा आकडा या कमाल दाबापेक्षा बराच खाली हवा, म्हणजे व्होल्टेज कमी असताना किंवा इंपेलर थोडा झिजल्यावरही पंप तिथवर पोहोचतो. चालू होण्याचा आकडा बदलला तर टँकमधली हवाही त्याप्रमाणे बदलावी लागते.

गैरसमज ६ : स्विचवर ठोकले की सुटतो, म्हणजे काम झाले.

वस्तुस्थिती : ठोकल्यावर पंप थांबला, तर दोष स्विचमध्येच आहे एवढे कळते; दोष जात नाही. फ्लो स्विचचा दट्ट्या तीन कारणांनी अडकतो. बोअरच्या जड पाण्यातले क्षार त्याच्या भोवती थर धरतात. जुन्या जीआय पाइपातला गंज त्याच्या चुंबकाला चिकटतो. किंवा स्विच चुकीच्या दिशेने बसवलेला असतो : दट्ट्या स्वतःच्या वजनाने खाली यायचा असेल आणि स्विच उलटा किंवा आडवा लावला, तर दट्ट्या परत येत नाही. अंगावरचा बाण पाण्याच्या दिशेने आहे का आणि कंपनीच्या पत्रकात सांगितलेल्या स्थितीत स्विच आहे का, हे आधी पाहावे.

क्षार काढायला पांढरे व्हिनेगर किंवा लिंबूसत्त्वाचे पाणी पुरते. सुटा केलेला भाग त्यात अर्धा तास भिजवून मऊ ब्रशने घासावा. संडास धुण्याचे ॲसिड वापरू नये. ते स्टीलला आणि रबराला खाते. यंत्राचे तेलही टाळावे, कारण पाण्याच्या सीलमधले काही रबर तेलाने फुगते.

दट्ट्या मोकळा असूनही पंप थांबत नसेल, तर विजेचे संपर्क चिकटलेले असतात. मोटर सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट करंट ओढते. तेव्हा संपर्कात उडणाऱ्या ठिणगीने त्याची टोके हळूहळू वितळून एकमेकांना जोडली जातात. प्रेशर स्विचमध्ये त्याच्या जोडीला खालच्या बारीक छिद्रात गाळ बसतो आणि दाब आतल्या पडद्यापर्यंत पोहोचतच नाही. छिद्र साफ करता येते. वितळलेले संपर्क पॉलिश पेपरने घासणे तात्पुरते ठरते. तो स्विच बदलावा आणि नवा घेताना त्यावर लिहिलेला करंट मोटरला पुरेसा आहे याची खात्री करावी. पंप न थांबण्यावर मोठ्या पंपाचा उतारा करणे तर उलटेच पडते : करंट वाढतो, जुना स्विच आणखी लवकर चिकटतो आणि जुन्या पाइपांच्या सांध्यांवर ताण येतो.

गैरसमज ७ : कंडेन्सर बदलून पाहावा.

वस्तुस्थिती : वायरमन ज्याला कंडेन्सर म्हणतात तो कपॅसिटर मोटर सुरू व्हायला आणि नीट फिरायला मदत करतो. तो गेला तर मोटर गुणगुणते पण फिरत नाही. मोटर थांबवण्याशी त्याचा थेट संबंध नाही. तो अशक्त झाल्यामुळे मोटरचे फेरे कमी पडले आणि दाब वरच्या आकड्याला पोहोचला नाही, एवढीच एक शक्यता उरते, आणि ती फक्त प्रेशर स्विचच्या संचात.

गैरसमज ८ : पंप आपोआप थांबला, म्हणजे तक्रार मिटली.

वस्तुस्थिती : तासभर चालून पंप थांबला आणि काही वेळाने पुन्हा सुरू झाला, तर स्विच सुधारलेला नसतो. मोटरच्या वाइंडिंगमधला थर्मल प्रोटेक्टर उष्णतेमुळे सुटलेला असतो आणि मोटर थंड झाल्यावर तो पुन्हा जुळतो. असे वारंवार झाले की वाइंडिंगचे आवरण जळत जाते.

पंपातल्या पाण्याला वाट नसताना तो चालत राहणे विशेष धोक्याचे आहे. ३०० वॅट घेणाऱ्या पंपात लिटरभर पाणी कोंडले आणि निम्मी ऊर्जा जरी त्या पाण्यात उतरली, तरी ते मिनिटाला सुमारे दोन अंशांनी तापते. अर्ध्या तासात ते हात पोळण्याइतके गरम होते, आणि साध्या यूपीव्हीसी पाइपाला ६० अंशांपुढचे पाणी सोसत नाही. टाकी रिकामी असताना चाललेल्या पंपात सील घासून जाते आणि मग मोटरजवळून पाणी गळू लागते.

गैरसमज ९ : बटणाने बंद करत राहिले, की दुरुस्तीची घाई नाही.

वस्तुस्थिती : ३०० वॅटचा पंप दिवसरात्र चालला तर रोज ७.२ आणि महिन्याला २१६ युनिट वीज जाते. महावितरणच्या घरगुती दरांत १०० आणि ३०० युनिटांच्या टप्प्यांवर दर चढतो, म्हणून हे युनिट घराच्या बाकी वापरालाही वरच्या टप्प्यात ढकलतात. टायमर लावला तर पंप ठरावीक वेळी थांबतो, पण गळती, बायपास किंवा चिकटलेला संपर्क तसाच राहतो. शिवाय सगळे छोटे पंप सतत चालण्यासाठी नसतात. पट्टीवर एस-१ असेल तर मोटर सतत चालण्याजोगी. एस-२ किंवा एस-३ असेल तर तिला मधे विश्रांती लागते.

तपासणीचा क्रम

१. पंपाचे बटण ऑटोवर आहे का, टाकीत पाणी आहे का आणि बायपासचा कॉक बंद आहे का, हे पाहावे.

२. पंप चालू असताना पंपाच्या लगेच पुढचा डिलिव्हरी कॉक बंद करावा आणि एक-दोन मिनिटेच वाट पाहावी. बायपास या कॉकच्या आधी जोडलेला असेल तर त्याचा कॉकही बंद हवा.

३. पंप थांबला, तर तो आणि त्याचा स्विच ठीक आहेत. दोष पुढच्या लाइनमध्ये किंवा बायपासमध्ये आहे. डिलिव्हरी कॉक उघडून मिक्सर, गीझरचा इनलेट, फ्लश टँक आणि माळ्यावरची टाकी यांचे कॉक एकेक करून बंद करत जावे. ज्या कॉकने पंप थांबतो, त्याच्या पुढे गळती आहे.

४. पंप थांबला नाही आणि स्विच फ्लोचा असेल, तर तो अडकला आहे.

५. पंप थांबला नाही आणि स्विच प्रेशरचा असेल, तर प्रेशर गेज पाहावे. काटा बंद होण्याच्या आकड्यापुढे गेला असेल तर स्विच दोषी. काटा त्याच्या खालीच अडला असेल तर जाळी, हवा, व्होल्टेज, इंपेलर किंवा चुकीचा लावलेला आकडा.

६. पंप थांबला, पण डिलिव्हरी कॉक बंद असतानाही थोड्या वेळाने पुन्हा सुरू झाला, तर पाणी पंपाच्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हमधून मागे जात आहे.

कॉक उघडणे-बंद करणे, जाळी धुणे आणि फ्लश टँक तपासणे ही कामे घरच्या माणसाला करता येतात. स्विचचे झाकण उघडण्याआधी मात्र एमसीबी खाली करावी आणि टेस्टरने वीज नसल्याची खात्री करावी. केवळ पंप थांबलेला दिसणे पुरेसे नाही : स्विच फेजऐवजी न्यूट्रलमध्ये जोडलेला असेल, तर मोटर बंद असतानाही तिच्या वायरीत वीज असते. जोडणी फेजमध्ये बदलणे, संपर्क किंवा मोटर तपासणे ही परवानाधारक वायरमनची कामे आहेत. बाथरूमजवळच्या पंपाला अर्थिंग आणि ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (गळता करंट ओळखून वीज तोडणारा स्विच) असावाच. बाहेरगावी जाताना पंपाची एमसीबी आणि टाकीकडून येणारा कॉक दोन्ही बंद करून जावे.